वैराग्य, नाश्त्यासह

संसाराचा उबग आला असेल आणि क्रेडिट कार्डाची मर्यादा अजून शिल्लक असेल, तर फेब्रुवारीत राजस्थानात सूफी संगीताच्या सहलीला जाऊन यावं. दोन्ही अटी पुऱ्या होत नसतील तर दुसरी पुरेशी आहे. नागौरचा अहिछत्रगड आणि जोधपूरचा मेहरानगड या दोन किल्ल्यांत ‘वर्ल्ड सेक्रेड स्पिरिट फेस्टिव्हल’ भरतो. देशोदेशीचे कलावंत येतात, शेजारी आपले मांगणियार आणि लंगा हे लोककलावंत बसतात, आणि सगळे उत्तम गातात-वाजवतात. गाण्याबद्दल तक्रारीला जागा नाही. हे मार्गदर्शन गाण्याबद्दल नाहीच. ते ऐकायला महागडं पॅकेज घेऊन जाणाऱ्या मराठी माणसाने वैराग्याशी कसं वागावं, एवढ्यापुरतंच आहे.

पहिलं काम माहितीपत्रक वाचण्याचं. त्यात ‘आत्मा’ हा शब्द किती वेळा आलाय ते मोजा. एक-दोनदा असेल तर प्रवास रेल्वेचा आणि हॉटेल स्टेशनजवळ, असं धरून चाला. पानोपानी असेल तर विमानतळावर गुलाबपाणी शिंपडायला माणूस उभा असतो. ‘इथे स्वतःला हरवून बसा’ असं मोठ्या अक्षरांत असेल तर खालची बारीक अक्षरंही वाचावीत. सामान हरवल्यास कंपनी जबाबदार नाही, हे तिथेच असतं. सूफींनी एकांताला फार महत्त्व दिलं आहे. सहल कंपन्याही देतात. त्याला त्या सिंगल सप्लिमेंट म्हणतात. ती रक्कम पाहिली की भलेभले साधक मेव्हण्याबरोबर एका खोलीत राहायला तयार होतात. जीएसटी वेगळा.

कपड्यांची तयारी आधीपासून हवी. पूर्वी मुरीदाला, म्हणजे शिष्याला, पीराकडून खिरका मिळायचा. तो बहुधा ठिगळांचा झगा, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं सेवा करावी लागायची. आता ठिगळांचं जॅकेट बुटीकमध्ये तयार मिळतं, आणि ठिगळं जितकी जास्त तितका आकडा मोठा. खाली पांढरा कुर्ता, गळ्यात मण्यांची माळ. एवढं जमवून आपण गादीवर रेलतो न रेलतो तोच मारवाडातली थंडी अंगावर येते, बायको पर्समधून माकडटोपी काढते, आणि फोटोत रूमीच्या वारसाऐवजी पहाटे पर्वती चढायला निघालेला पेन्शनर उमटतो. याला उपाय नाही. माकडटोपी घालावी. मोकळ्या अंगणात रात्री बसायचं म्हणजे गंमत नाही.

जोधपूरहून नागौर सुमारे १४० किलोमीटर. बिकानेरच्या वाटेवरचं गाव. याच सुमारास तिथे रामदेवजींच्या नावाचा पशुमेळा भरतो, आणि ज्यांच्या आजोबांनी कधीकाळी नागौरी बैलाची तारीफ ऐकलेली असते त्यांना गाडीतून उतरावंसं वाटतं. उतरू नये, वेलकम ड्रिंक गरम होतं. किल्ला मात्र डोळे भरून पाहावा. पडझड झालेली ही जागा मेहरानगड म्यूझियम ट्रस्टने जुन्या कारागिरीच्या रीतीने पुन्हा उभी केली, भिंतींवरची चित्रं वाचवली, हौद आणि पाण्याचे पाट मोकळे केले. त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. अठराव्या शतकात महाराजा बख्तसिंहाने इथे महाल वाढवले. त्याच्या राण्यांच्या हवेल्यांचं आज हॉटेल आहे. तुमची खोली त्यातच असण्याचा संभव आहे. राणीला बाहेर जाता येत नव्हतं, तुम्हाला चेक-आउट बारा वाजता आहे, एवढाच फरक.

आता सगळ्यात नाजूक बाब. नागौरमध्ये एक सूफी खरोखरच होऊन गेला, आणि गाइड उत्साही असेल तर तो त्याचं नाव काढतो. शेख हमीदुद्दीन नागौरी. अजमेरच्या ख्वाजा मुइनुद्दीन चिश्तींचे शिष्य. १२७४ साली गेले. त्यांना ‘सुलतान-उत-तारिकीन’ म्हणत, म्हणजे सर्वत्याग्यांचे सुलतान. या सुलतानाची दौलत म्हणजे जवळच्या सुवाल गावात एक बिघा जमीन. अर्धी एका हंगामात पेरायची, उरलेली अर्धी पुढच्या. राहायला मातीचं घर, दाराशी एक गाय. चिश्ती परंपरेच्या ग्रंथांत अशी हकिकत आहे, की नागौरच्या अंमलदाराने त्यांची ओढगस्त पाहून आणखी जमीन देऊ केली, मग दिल्लीच्या सुलतानाकडून एक गाव आणि ५०० चांदीचे टंके आले. शेख घरात गेले आणि बायकोला विचारलं. धड पांघरायला नसलेल्या त्या बाईने सांगितलं, की इतक्या वर्षांच्या फकिरीला बट्टा लावू नका. मी सूत कातलंय, त्यात दोघांची वस्त्रं भागतील. टंके परत गेले.

हा प्रसंग सामुदायिक नाश्त्याच्या वेळी सांगितला गेल्यास टेबलावर थोडा वेळ कोणी ऑम्लेटला हात लावत नाही. विशेषतः ज्यांनी अर्ली बर्ड सवलत न मिळाल्याबद्दल कंपनीला तीन मेल पाठवलेले असतात, त्यांची पंचाईत होते.

पण घाबरू नये. सुखवस्तू फकिरीच्या बाजूनेही इतिहासात भक्कम आधार आहे. याच हमीदुद्दीनांचे समकालीन, मुलतानचे शेख बहाउद्दीन झकारिया हे सुहरावर्दी पंथाचे थोर सूफी, आणि चांगले गडगंज. त्यांची कोठारं धान्याने भरलेली, खजिना वेगळा. हमीदुद्दीनांनी त्यांना पत्रं लिहून विचारलं, की देवाची वाट चालणाऱ्याने एवढं धन बाळगावं कसं? ही पत्रं मुलतानला माल घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याच्या हाती जात. म्हणजे सूफी आणि पैसा हा वाद जवळपास आठशे वर्षं जुना आहे, आणि त्यातला एक पक्षकार नागौरचाच. तेव्हा कोणी टोचून बोललंच, तर शांतपणे सांगावं : आम्ही मुलतानी शाखेचे. समोरच्याला बहाउद्दीन माहीत असण्याची शक्यता कमी, आणि माहीत असलेच तर त्यांनी दुष्काळात आपली कोठारं उघडली होती, हे तो काढणार नाही अशी आशा करावी.

जेवणाचं थोडक्यात. ‘दर्वेश डिनर’ नावाच्या प्रकारात लाल मांस असतं आणि ते चविष्ट असतं. हमीदुद्दीन शाकाहारी होते. हे दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर सांगावं.

मग प्रत्यक्ष ऐकणं. सवाई गंधर्वला वर्षानुवर्षं सतरंजीवर बसलेल्या माणसाला इथलं गादी-तक्क्याचं प्रकरण पहिल्यांदा संशयास्पद वाटतं. बटाटेवड्याचा वास नाही, मागे कोणी ‘खाली बसा’ ओरडत नाही, पुढच्या रांगेत चुलत्याने टाकून ठेवलेला रुमालही नाही. त्यामुळे एकाग्रता होत नाही. अशा वेळी नजर वाद्यांवर ठेवावी. मांगणियार बुवा कमायचा घेऊन बसतात तेव्हा पुढे सरकून बघा : आंब्याच्या लाकडाचं गोल पोट, वर बकरीचं कातडं ताणलेलं, आतड्याच्या जाड तारा आणि त्यांच्या खाली धातूच्या तरफा. गज फिरला की मुख्य सूर खर्जात घुमतो आणि तरफा त्याच्यामागे कितीतरी वेळ कुजबुजत राहतात. शेजारचा पोरगा दोन्ही हातांत शिसवीच्या दोन-दोन पट्ट्या धरून खडताल वाजवतो. पट्ट्या कशालाही बांधलेल्या नसतात. नुसत्या बोटांत आणि तळव्यात धरलेल्या, आणि तरी लय अशी दाणेदार की तबलजीने मान द्यावी. ही दहा मिनिटं मोबाइल खाली ठेवलात तर पॅकेजचे निम्मे पैसे वसूल.

फर्माईश करण्यातही शिस्त असावी. ‘केसरिया बालम’ मागायचं असेल तर ते राजस्थानच्या मंडळींकडे मागावं. ते मांड या तिथल्या शैलीतलं गाणं आहे, आणि मोरोक्कोहून आलेल्या गटाला त्याची कल्पना नसते. ‘दमा दम मस्त कलंदर’ मागण्याची गरजच पडत नाही, कुठल्या ना कुठल्या मैफलीत ते येतंच. त्यातला कलंदर म्हणजे सिंधमधल्या सेहवानचे लाल शाहबाझ, हे शेजाऱ्याला सांगावं. तो तेवढ्यात उठून नाचत असतो, तरी सांगावं. आणि जेवणाच्या टेबलावर कोमल कोठारींचं नाव घ्यायला विसरू नये. लेखक विजयदान देथांबरोबर त्यांनी १९६० मध्ये बोरुंदा गावात रूपायन संस्थान ही लोककलांची संस्था काढली, आणि लंगा-मांगणियारांना जगाच्या मंचावर नेण्यात त्यांचा वाटा मोठा. हे नाव उच्चारणारा माणूस जाणकार समजला जातो. त्यापुढे काही बोलू नये.

कव्वालीला क्रम असतो. आधी ईश्वराची स्तुती म्हणजे हम्द, मग पैगंबरांची स्तुती म्हणजे ‘नात’, मग संतांच्या मनकबती, आणि दर्ग्यातल्या मैफलीची सांगता पुष्कळदा ‘रंग’ या रचनेने. पॅकेजलाही क्रम असतो : साडेनऊला बुफे. हे दोन्ही क्रम ‘रंग’च्या सुमारास एकमेकांना भिडतात. जाणकारांनी काय करावं हे मी सांगणार नाही. बहुतेक जाणकार पनीर संपायच्या आत जातात.

हाल येणं, म्हणजे ऐकता ऐकता भान हरपणं, हा अनुभव पॅकेजमध्ये सूचित असतो, पण त्याची हमी नसते. खानकाहचा, म्हणजे सूफी मठाचा, रिवाज असा, की कोणाला हाल आला तर कव्वाल तीच ओळ पुन्हा पुन्हा घेतो, माणूस सावरेपर्यंत सोडत नाही, आणि तो उभा राहिला तर अख्खी मैफल उभी राहते. दिल्लीचे कुतुबुद्दीन बख्तियार काकी तर एका शेरावर असे बेभान झाले की त्यातून उठलेच नाहीत. त्या अवस्थेत १२३५ मध्ये त्यांचा अंत झाला. प्रवास विम्यात हे कलम शोधून पाहावं. दर्वेशांनी गिरकी घेतली, तर त्यांच्याबरोबर रील काढू नये आणि टाळ्याही आवराव्यात. रूमीच्या मेवलेवी पंथात ती उपासना आहे. तुर्कस्तानात १९२५ मध्ये कायद्याने दर्वेशांचे मठ बंद झाले, आणि पुढे १९५०च्या दशकात कोन्याला गिरकी परत आली ती सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून. तेव्हा प्रेक्षक होऊन बघण्यात आपण काही नवीन पाप करत नाही, एवढा दिलासा घ्यावा.

खरा प्रश्न पैशांचा, आणि इथे विनोद जरा बाजूला ठेवतो. दर्ग्यात श्रोता नजराणा आधी मैफलीच्या शेखपुढे धरतो आणि तिथून तो कव्वालाकडे जातो. देणारा झुकतो, घेणारा बसलेला असतो. मांगणियारांची रीत तर पिढ्यांची. ठरलेली जजमानाची घरं, तिथल्या जन्माला, लग्नाला, मृत्यूला गाणं, आणि त्या घराण्याची वंशावळ तोंडपाठ. गाण्याआधी शुभराज म्हणताना जजमानाच्या पूर्वजांची नावं घेतात. लाखाचं पॅकेज घेतलेल्या आपल्या पणजोबांचं नाव तिथे कोणीही घेणार नाही, आणि आपणही त्या कलावंताचं नाव विचारत नाही. परत आल्यावर ‘ते राजस्थानी फेटेवाले’ म्हणतो. नाव विचारा, गाव विचारा. कार्यक्रमाला बोलवायचं झालं तर मधला माणूस वगळून थेट बोलता येईल, असा नंबर घ्या.

जोधपूरचा भाग भराभर उरकावा. मेहरानगड राव जोधाने १४५९ मध्ये बांधायला घेतला. पहाटेच्या मैफलीसाठी अंधारात चढायचं असतं, गुडघ्याचा पट्टा विसरू नये. उमेद भवनात चहा घ्यायचा हट्ट सहलीतलं कोणीतरी धरतंच. ३४७ खोल्यांचा तो राजवाडा १९२९ ते १९४३ दरम्यान दुष्काळी काम म्हणून बांधला गेला. आपल्याकडे दुष्काळी कामावर पाझर तलाव आणि खडीचे रस्ते होतात. तिथे राजवाडा झाला. चहाचं बिल आल्यावर हा विचार करावा, थोडं बरं वाटतं.

सहलीतल्या कोणाला खुलताबादबद्दल मात्र सांगू नये. हमीदुद्दीनांच्याच चिश्ती परंपरेतले, निजामुद्दीन अवलियांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब दख्खनेत आले, १३३७ मध्ये वारले, आणि छत्रपती संभाजीनगरपासून पंचवीसेक किलोमीटरवर खुलताबादला त्यांची कबर आहे. संगीताचे ते एवढे वेडे होते की त्यांच्या मंडळींची भान हरपून नाचण्याची ढब ‘बुरहानी’ म्हणून ओळखली जायची. वेरूळ बघून परतणारी आपली गाडी त्या गावावरून कितीदा तरी गेलेली असते. एसटीने जाता येतं, हे ग्रुपवर टाकलंत तर पुढच्या वर्षीची सहल भरणार नाही.

शेवटची सूचना. नागौरच्या मुक्कामात एका दुपारी ‘विश्रांती व खरेदी’ असं लिहिलेलं सापडेल. खरेदी सोडा. किल्ल्याबाहेर पडून जुन्या गावात कोणालाही अतारकीन दरवाजा विचारा. कोरीव कामाने भरलेल्या त्या तुघलककालीन दरवाज्यातून आत गेलं की शेख हमीदुद्दीनांचा दर्गा. तिकीट नाही, राखीव जागा नाही. डोकं झाकायला रुमाल आणि थोडे सुटे पैसे जवळ ठेवा.