माठाची मिळकत

मे महिन्यात आमच्या केनवडला दुपारी कोणी कोणाच्या दारी जात नाही. घरावरचा पत्रा असा तापतो की वर वाळत घातलेल्या कुरड्या उलटवायला बाया उन्हं कलल्यावरच चढतात. एवढी उष्णता रोज आभाळातून येते आणि वाया जाते, याचं हिशेबी माणसाला फार वाईट वाटतं. विहिरीवरच्या मोटारीसाठी थ्री फेज लाईन येणार रात्री-बेरात्री, आणि दिवसभर डोक्यावर हा वणवा. याच्यावर एखादं इंजिन चालू नये?

चालतं की. मुंबईत चालून गेलंय. विल्यम अॅडम्स नावाचे साहेब मुंबई हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार होते. त्यांनी कुलाब्याला बंगल्याच्या आवारात सपाट आरशांची रांग मांडली, सगळ्यांचं ऊन एका बॉयलरवर पाडलं आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचं इंजिन चालवून दाखवलं. 1878 साली त्यावर पुस्तकही लिहिलं. कोर्टाच्या फायली सांभाळून माणसाला एवढी सवड मिळत होती, याचंच मला इंजिनापेक्षा जास्त नवल वाटतं.

पण उष्णतेच्या इंजिनाची एक खोड आहे. त्याला नुसती उष्णता देऊन भागत नाही, गारवाही द्यावा लागतो. सादी कार्नो या फ्रेंच तरुणाने 1824 मध्येच हे लिहून ठेवलं. उष्णता गरमाकडून गाराकडे निघते, आणि इंजिन म्हणजे मधला अडत्या. मालाच्या या जाण्यावर तो आपली अडत कापून घेतो, तेवढंच काम आपल्या पदरात पडतं. दोन्हीकडच्या तापमानात अंतर मोठं असलं तर अडत बरी सुटते. दोन्हीकडे सारखंच तापलेलं असेल तर सौदाच होत नाही. म्हणजे वैशाखात आमच्याकडे जे उदंड आहे ते निम्मंच भांडवल. उरलेलं निम्मं शोधायला आम्ही स्वतःच कूलरपुढे बसलेले.

अलास्कात चेना नावाचं ठिकाण आहे. तिथल्या झऱ्याचं पाणी जेमतेम 74 डिग्रीचं, तरी 2006 पासून त्यावर वीज तयार होते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवऱ्याच्या कुंडाचं पाणीही सत्तरच्या आसपास असतं. लोक ते निववून त्याने अंघोळ करतात, नमस्कार करतात आणि घरी येतात. चेनाचं खरं वैभव गरम पाण्यात नाहीच. शेजारचं बर्फासारखं पाणी त्यांना गारव्यासाठी फुकट मिळतं, ते कोकणात कुठून आणायचं?

समुद्राचंही तसंच. उष्ण कटिबंधात वरचं पाणी 26-28 डिग्री आणि किलोमीटरभर खाली चार-पाच. हे अंतर झालं वीस-बावीस डिग्रींचं. तापमानातल्या अशाच अंतरावर जॉर्ज क्लोद या संशोधकाने 1930 मध्ये क्युबाच्या किनाऱ्यावर 22 किलोवॅट वीज काढली. पाणी वर खेचायला त्याहून जास्त खर्ची पडली, तो भाग वेगळा.

आता गंमत बघा. वऱ्हाडातली मे महिन्याची हवा 43 डिग्रीची आणि ठणठणीत कोरडी. तिच्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर धरला तर पारा बावीस-तेविसापर्यंत उतरतो. म्हणजे समुद्राला जे अंतर पैदा करायला किलोमीटरभर खोल व्हावं लागतं, ते आमच्या ओसरीवर एक ओलं फडकं पैदा करतं. पाझरणारा माठही त्याच वाटेवरचा.

यावर चालणारं इंजिनही आमच्या घरात आहे. भाच्याने मागवलेलं काचेचं पाणी पिणारं पाखरू. डोकं ओलं केलं की तिथलं पाणी उडून डोकं गार पडतं, आतली वाफ आकसते, पोटातला रंगीत द्रव मानेतून वर चढतो, वजन पुढे जाऊन पाखरू वाकतं, चोच पेल्यात बुडते, द्रव परत खाली येतो, पाखरू उठून उभं. मुंबईच्या दमट हवेत ते सुस्तावतं. आमच्याकडे भर दुपारी असं माना डोलावतं की जणू ग्रामसभेत ठरावाला हात वर करतंय. गावात त्या वेळी काम करणारं तेवढं एकच.

मी हिशेब मांडला. लिटरभर पाणी उडताना जेवढी उष्णता ओढून घेतं, त्यावर कार्नोच्या नियमाने फार तर 45 वॅट-तास काम मिळेल. प्रत्यक्षातल्या यंत्राने त्याचा तिसरा हिस्सा दिला तरी नशीब. म्हणजे एका लिटरात एकदा मोबाईल चार्ज. शेतातल्या सोलरच्या प्लेटा यापेक्षा कितीतरी कामाच्या, हे कबूल. त्यांनाही खरं तर उजेडच हवा असतो, ताप सोसत नाही. 25 डिग्रीच्या वर प्लेट जितकी तापेल तितकी, डिग्रीमागे 0.4 टक्क्याच्या हिशेबाने, वीज घटते. उन्हावर जगणारी वस्तूही उन्हाने वैतागते, हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

मोबाईलचा हिशेब पारावर सांगितला तर एक भाऊ म्हणाले, "टँकरचं पानी हाय ते. चार्जिंगले देनार का तू?"

मग मी त्यांना लक्षद्वीपचं सांगितलं. तिथे कवरत्ती बेटावर 2005 पासून समुद्रातल्या तापमानाच्या अशाच अंतरातून रोज लाखभर लिटर गोडं पाणी काढतात. वरच्या कोमट पाण्याची कमी दाबात वाफ करायची आणि खालच्या गार पाण्याने ती थंड करून पाणी करायचं. भाऊ सरसावून बसले. हे काम त्यांना पटलं.

"अन् ते गार पानी किती खोलून आनतात?"

"साडेतीनशे-चारशे मीटर."

"हात् तिच्या! मांगच्या साली चारशे फूट बोर मारला आमी. नुस्ता फुफाटा निंगाला, तोबी गरम."