आधारवाले आप्पा

सुरतच्या सचिन जीआयडीसीजवळ आप्पांचं झेरॉक्सचं दुकान आहे. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. ‘आधारवाले आप्पा’ म्हणा, डाईंगमधून सुटलेला कुठलाही खान्देशी पोरगा दारापर्यंत आणून सोडेल. राशनकार्ड, पीएफ, ई-श्रम... नंदुरबार-अमळनेरहून आलेल्या निम्म्या वस्तीचा संसार आप्पांच्या लाल वहीत आहे. पासवर्ड सगळ्यांचा एकच: कानबाई@१२३. ‘‘वेगवेगळे ठेवले तर ध्यानात कोण ठेवणार?’’

२०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आप्पांचं गिऱ्हाईक काही हललं नाही. मे २०२२ मात्र जड गेला. आधारची झेरॉक्स वाटेल त्याला देऊ नका, असं पत्रक आधारच्याच बंगळूरु कार्यालयानं काढलं. आप्पा मशीनवर चादर टाकून सुतकात बसले. सरकारनं पत्रक दोन दिवसांत मागे घेतलं, तेव्हा कुठे चादर निघाली.

परवा पुण्याहून एक डिझायनर मुलगी आली. कामगारांसाठी ॲप करायचं होतं, म्हणून आधी त्यांनाच विचारत होती, तुमची माहिती कुणाला दिसू नये? (हे विचारणारी माणसं मुळात कमी, तेव्हा तिचं कौतुकच.) २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचता आला पाहिजे. अहिराणी त्या बाविसांत नाही. मग मजकूर आप्पांनीच समजावला. पहिला गडी म्हणाला, ‘‘मना पगार साडूले कळाले नको.’’ सरकार, कंपनी कुणाच्या तोंडी नाही; यादीत साडू, मुकादम, गावाकडचा चुलता.

साडी कटिंगचं काम करणाऱ्या एक बाई म्हणाल्या, ‘‘सरकारनं खुशाल पाहावं. नवऱ्यानं नको.’’ घरात फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात. म्हणून बाईंच्या बँक खात्याला नंबर जोडलाय तो आप्पांचा. पैसे पडले की आप्पा नुसती मान हलवतात.

मुलीचं पेन थांबलं. ‘‘आणि आप्पा, तुम्हीच कुणाला सांगितलं तर?’’

आप्पा दुखावले. ‘‘मी? अहो ताई, हिच्या नवऱ्याचं खातंपण माझ्याच नंबरवर आहे. दर महिन्याला तो बहिणीला दोन हजार पाठवतो. बोललो का हिला कधी?’’

बाई अजून तिथंच उभ्या होत्या.