सहाव्या शब्दापासून हौस

ग्रंथालयांच्या अँग्लो-अमेरिकन तालिकीकरण नियमांचं बारावं प्रकरण २००२ साली नव्याने लिहिलं गेलं. नियतकालिकांच्या पंगतीत संकेतस्थळं आणि सुट्या पानांचे कायदेग्रंथही बसले. वाढप मात्र वेगळं. त्रैमासिकाच्या नावातल्या पहिल्या पाच शब्दांत ठळक बदल झाला, की जुनी नोंद बंद, नवी उघडा, वर दोघींची एकमेकींशी ओळखही करून द्या. सहावा बदलला तर सहसा टीप पुरते. (संपादकांनो, हौस तिथून पुढे भागवा!) संकेतस्थळाने मात्र नाव आमूलाग्र बदललं तरी नोंद तीच; नवं नाव वर, जुनं टिपेत. २०१० साली या नियमांचा वारस म्हणून ‘आरडीए’ हा नवा नियमसंच आला. नाव बदललं, तेही पहिल्याच शब्दापासून. म्हणजे ग्रंथपालांनो, काढा नवी नोंद!