नळाच्या दिवशी पाहुणा बोलावू नये

राजधानी उचलून दुसरीकडे नेऊ नये. नेलीच, तर तिथंच राहू द्यावी. लोकांना पुन्हा बिऱ्हाड पाठीवर घ्यायला लावू नये. महंमद तुघलकाला हे सांगणारं कुणीच नसेल असं नाही, पण सुलतानाला चार शब्द सुनावायचे म्हणजे आधी बायकामुलांची सोय लावून यावं लागतं. 1327च्या सुमारास त्याने दिल्लीकरांना हजारावर किलोमीटर चालवत देवगिरीला आणलं, गावाचं दौलताबाद केलं आणि काही वर्षांनी गुंडाळलेला पसारा परत दिल्लीला. लोकांचे हाल कुत्रं खाईना. नान-खलिया हा पदार्थ मात्र त्याच्याच फौजेबरोबर आमच्याकडे आला असं सांगतात. ते खरं असेल तर पहिल्या घासालाच तुघलकाबद्दलचं मत जरा मवाळ होतं.

काय करू नये, हे शिकायला आमच्या छत्रपती संभाजीनगरसारखी शाळा नाही. धडे जागोजागी पडलेले आहेत. ‘थोडं काम आहे, उरकून येतो’ म्हणून दख्खनेत येऊ नये. औरंगजेब 1681मध्ये अजमेरहून निघाला. पंचवीस वर्षं काम काही उरकेना. 1707मध्ये अहमदनगरला मेला, खुलताबादला पुरला. उत्तरेचं तोंड पुन्हा पाहिलं नाही.

या विषयातले खरे जाणकार समर्थ रामदास. त्यांचं जन्मगाव जांब, आता जालना जिल्ह्यात. पण जालना 1981पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता, म्हणजे जुन्या हिशेबाने समर्थ आमचेच. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणं सांगून टाकली. दुसऱ्यात उत्तम माणसाची सांगितली, तीही बरीचशी ‘हे करू नये, ते करू नये’ अशीच. आणि एवढं वाचून ज्याला आपण शहाणे झालो असं वाटेल, त्याच्यासाठी दहाव्या समासात पढतमूर्ख राखून ठेवला. मूर्खलक्षणं वाचताना माणसाला शेजारी आठवतो, मेहुणा आठवतो, साहेब तर ओवीओवीला आठवतो. पढतमूर्खापाशी आलं की पुस्तक मिटून चहा टाकावासा वाटतो.

अजिंठ्याला समर्थांची दृष्ट लागावी असे नमुने आहेत. 1819च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची चित्रं पाहून त्या भल्या माणसाने काय करावं? दहाव्या लेण्यात एका चित्रावरच स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. लेण्यात तेव्हा दगडमातीचा ढीग होता, त्यावर उभं राहून कोरली. ढीग पुढे उपसला गेला, त्यामुळे साहेबांचं नाव आता डोक्याच्याही वर दिसतं. बदामात बाण काढून खाली दोन नावं लिहिणारे आमचे प्रेमवीर कुणाच्या गादीवर बसलेत, ते कळलं ना?

पुढे रॉबर्ट गिल नावाचा चित्रकार आला. 1844पासून त्याने उमेदीची वर्षं या चित्रांच्या प्रती करण्यात घालवली. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या आणि 1866च्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेतल्या ग्रिफिथ्सने विद्यार्थी घेऊन पुन्हा प्रती केल्या. त्या कुठं पाठवाव्यात? पुन्हा लंडनला! 1885मध्ये तिथंही आग लागली आणि बऱ्याच प्रती गेल्या. एकदा दूध सांडलं तर आमची आजी पातेल्याची जागा बदलायची. मूळ चित्रं जागेवरच होती म्हणून वाचली म्हणावं, तर 1920च्या सुमारास निजामाने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून वर लाखेचं व्हार्निश चढवलं आणि ते पुढे पिवळं पडलं. चांगल्या चाललेल्या गोष्टीला तज्ज्ञ दाखवू नये.

पण ‘करू नये’वाल्यांचं सगळंच ऐकलं असतं तर वेरूळचं कैलास झालं नसतं. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णाच्या काळी कुणीतरी म्हणालं असणार, देऊळ आधी कळसापासून करू, पाया मागाहून बघू. आमच्याकडे गल्लीत साधा ओटा बांधायला काढला तरी चार जण कमरेवर हात ठेवून ‘असं नसतं करायचं भाऊ’ म्हणत उभे राहतात. तिथं केवढी गर्दी जमली असेल! कारागिरांनी मान वर न करता डोंगर वरून खाली फोडत नेला. कळस चुकला असता तर दुरुस्तीला दगड कुठून आणणार होते, देव जाणे.

आता माझ्या अनुभवाचं एवढंच. नळ यायच्या दिवशी घरी पाहुणा बोलावू नये. पैठणचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर. त्यातलं पाणी चढ चढून आमच्यापर्यंत येईतो इतके दिवस जातात की नळ येणं हा घरोघर सणच होतो. आधी नळ नुसती हवा सोडत फुरफुरतो. त्या आवाजाला अख्खी गल्ली जागी होते. मोटार लागते, पाइप ओढले जातात, हौद, ड्रम, कळशी, शेवटी चहाची किटलीसुद्धा भरून होते. अशा ऐन धांदलीत पुण्याहून आलेला पाहुणा टॉवेल घेऊन विचारतो, “वहिनी, आंघोळ आटोपून घेऊ का? शॉवर चालू आहे ना?” पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून उभ्या असलेल्या बाईला असलं काही विचारू नये. शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, “भाऊ, आधी हा ड्रम जरा सरकवा बरं.” दुपारपर्यंत तो सहा बादल्या गच्चीवर वाहून नेऊन पक्का संभाजीनगरकर झाला होता. दुसऱ्या दिवशी वेरूळला निघाला. वार मंगळवार. मंगळवारी वेरूळ बंद असतं.

तेव्हा तुम्ही जरूर या. वेरूळला मंगळवार टाळा, अजिंठ्याला सोमवार टाळा, आणि तिकीट काढायच्या आधी एक फोन करा. आमचा नळाचा वार बघून सांगतो.