सदस्यांचं व्हॉट्सॲप आणि तुमची आवक नोंदवही : नव्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यासाठी प्राथमिक धडे

अभिनंदन! तुमची नेमणूक अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोहच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या एका ग्रामपंचायतीत झाली आहे. घरपट्टी, घरकुल, वित्त आयोगाचा निधी, नळाची गळती हे सगळं प्रशिक्षणात सांगून झालं असेल. सदस्याने मोबाइलवर काहीबाही टाकलं आणि त्याची तक्रार तुमच्या टेबलावर आली, तर काय करायचं, हे मात्र कोणी सांगितलं नसेल. ते इथे वाचा.

आधी हंगाम ओळखा. गाढवी नदीवरचं धरण भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागलं की तक्रारींचाही सांडवा सुटतो. जलपूजनाचा नारळ एकच असतो, पण तो फोडतानाचे फोटो प्रत्येक गटाचे वेगळे. पुढे उन्हाळी धानाला कालव्याचं पाणी सुटलं की 'माझ्या पाठपुराव्याला यश' असं लिहिलेली बॅनरं मोबाइलमध्ये फिरू लागतात. पाणी सोडायचं वेळापत्रक कालवा सल्लागार समितीत ठरतं आणि दार उघडतो पाटबंधारे खात्याचा माणूस. पण बॅनरवर जागा कमी असते, त्यात एकच चेहरा मावतो. दुसऱ्या दिवशी विरोधी गटाचा सदस्य अर्ज घेऊन हजर: 'श्रेय लाटले, कारवाई करा.' असा अर्ज घ्या, शिक्का मारा, पोच द्या, चहा विचारा. श्रेय लाटणं हा महाराष्ट्रात गुन्हा नाही. असता तर बैठक घ्यायला गणपूर्ती झाली नसती.

आता अर्जांची वर्गवारी. वरचा प्रकार पहिला. दुसरा म्हणजे 'मला ग्रुपमधून काढले.' तिसरा, 'माझ्या प्रश्नाला अंगठा दाखवला.' हे दोन्ही थंड होऊ द्या, पण फार नको. पंचायतीच्या नावाच्या ग्रुपवर पाणी कधी येणार हे कळत असेल, तर ज्याला काढलं त्याला ती माहिती फलकावर तरी मिळाली पाहिजे. चौथा प्रकार गंभीर: सदस्याने घरकुलाची यादी आधार क्रमांकासकट ग्रुपवर टाकली. हौसेने टाकली असेल, पण आधार कायद्याने असा क्रमांक उघड करता येत नाही. यादी लगेच काढायला सांगा, तेही लेखी.

पाचव्या प्रकारात विनोद संपतो. बाईबद्दल घाण लिहिलं, जातीवरून अपमान केला, धमकी दिली. असा अर्ज 'दोन्ही बाजूंना बोलावून समज दिली' म्हणून मिटवायचा अधिकार तुम्हाला नाही आणि सरपंचांनाही नाही. तक्रारदाराला पोलीस ठाण्याचा रस्ता दाखवा आणि स्वतः गटविकास अधिकाऱ्यांना कळवा. अश्लील मजकुराला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ आहे, जातीवाचक अपमानाला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. नुसती बदनामी असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागतं. पण ते अदखलपात्र. ठाण्यात नोंद होते आणि पुढचं दार न्यायालयाचं दाखवतात. हे तक्रारदाराला आधीच सांगा, म्हणजे परत येऊन तो तुमच्यावर चिडणार नाही.

कोणी वकिली थाटात 'माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ लावा' म्हणाला तर नम्रपणे नकार द्या. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली. त्या प्रकरणावरून देशभर ओरड झाली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. कलम मेलं, पण त्याचं भूत अर्जांतून हिंडतं. २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कोणावर खटला चालवू नका.

पुरावा. अर्जाला स्क्रीनशॉट जोडलेला असतो आणि त्यावर पाठवणाऱ्याचं नाव दिसतं 'मेंबर नालायक'. हे तक्रारदाराने आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेलं नाव. ते चालत नाही. मूळ नंबर, तारीख, वेळ आणि ग्रुपचं नाव दिसायला हवं. मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्यायला सांगा. कोर्टात जायचं झालं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. आणि तो स्क्रीनशॉट 'हे बघा काय लिहिलंय' म्हणत पंधरा ग्रुपवर फिरवू नका. बदनामी एकाने केली असेल, प्रसार तुमच्या नावावर लागेल.

यानंतरचा प्रश्न नाजूक: लिहिलं कोणी? पोस्ट सरपंचबाईंच्या नंबरवरून आली असेल, पण तो फोन दिवसभर त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे भाऊंच्या खिशात असतो. बाईंना विचारलं तर त्या भाऊंकडे बघतात, भाऊ छताकडे. नोटीस बाईंच्याच नावे काढा, कारण निवडून त्या आल्या आहेत. भाऊंचं नाव अधिनियमात कुठेच नाही.

कारवाईचं कलम कोणतं, हे सगळे विचारतील. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम ३९. कर्तव्य बजावताना गैरवर्तन किंवा लाजिरवाणं वर्तन केलेल्या सदस्याला, सरपंचाला पदावरून काढता येतं. चौकशी गोंदियाला जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, निर्णय नागपूरला विभागीय आयुक्तांकडे, अपील शासनाकडे. म्हणजे शिवी गावच्या पानठेल्यावर बसून टाईप झाली आणि तिची फाईल मंत्रालयापर्यंत जाऊ शकते. वाटेत दोन पावसाळे जातात, ग्रुपही बदलतो. शिवाय निवडून आलेल्या माणसाला काढणं ही हलकी गोष्ट नाही, त्याला ठोस पुरावा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने उरण नगरपरिषदेच्या अध्यक्षांच्या प्रकरणात २०१२ मध्ये बजावलं आहे. ते योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक बहुमताने आपल्या विरोधकाला 'लाजिरवाणा' ठरवलं असतं. पण अडचण अशी की कलम ३९ म्हणजे थेट खुर्ची जाणं. त्याच्या अलीकडे ताकीद, माफी असली कुठलीच पायरी नाही. (हे दुखणं आपलंच नाही. इंग्लंडमध्ये पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे तिकडच्या ग्रामपंचायतीच्या, सदस्यांना लेखी आचारसंहिता आहे, तक्रार ऐकायला वेगळा अधिकारी आहे. पण २०११ च्या कायद्याने निलंबनाचा अधिकारच गेला. तिकडे ताकीद आहे, खुर्ची जात नाही. दोघांनी अर्धं अर्धं वाटून घेतलं असतं तर काम झालं असतं.)

मधली पायरी हवी असेल तर ती गावातच बांधावी लागेल. वर्षाला चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. पंचायतीच्या ग्रुपवर काय टाकायचं, काय नाही, चूक झाली तर माफी कुठे मागायची, हे ग्रामसभेत ठरवून प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. त्याने कोणाची खुर्ची जाणार नाही, पण दोनशे माणसांसमोर उभं राहून 'चुकलं' म्हणणं गावात खुर्ची जाण्याहून जड असतं. एक अडचण राहते: ग्रामसभेच्या अध्यक्षस्थानी सरपंच असतात. तक्रार त्यांच्याविरुद्धच असेल तर विषय पत्रिकेत शेवटी टाकला जातो आणि तोवर लोक रोवणीला निघून जातात. विषय वर घ्यायला गावकऱ्यांनीच लावून धरलं पाहिजे.

आता तुमच्याबद्दल. ग्रुपचे ॲडमिन बहुधा तुम्हीच असाल. घाबरू नका. आपल्याच गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर एका सदस्याने महिला सदस्याला घाणेरडं लिहिलं आणि त्याला काढलं नाही म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये ॲडमिनविरुद्धचा खटला रद्द केला. सामाईक कट दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजला ॲडमिन जबाबदार नाही, त्याच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच आहे, असं न्यायालय म्हणालं. कायद्याने सुटलात, तरी काढायचं बटण तुमच्याकडे आहे हे विसरू नका. बाईच्या अपमानानंतरही ते दाबलं नाही तर गाव तुम्हाला सोडणार नाही.

आणि स्वतः जपून राहा. जुलै २०२५ मध्ये शासनाने सोशल मीडियाबाबत परिपत्रक काढलं. सरकारी धोरणावर टीका नको, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, स्वतःची स्तुती टाळा, खासगी खात्यावर सरकारी गाडी-इमारतीसोबतचे रील नकोत, मोडलंत तर शिस्तभंगाची कारवाई. ते स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, म्हणजे तुम्हाला. जलपूजनाचा फोटो टाकणाऱ्या सदस्यांना ते लागू नाही.