शिंद्यांनी तह केला, कंपनी करत नाई

"मास्तरीनबाई, आयकलं का वो? आमच्या घराचं नावच काटलं म्हनते कंपनीनं!"

ओले कपडे बादलीत तसेच ठेवून शेजारच्या काकू भिंतीपाशी आल्या, म्हणजे गोष्ट मोठी होती. अंजनगावात नाव रेशनकार्डातून कटतं, मतदार यादीतून कटतं. कंपनीच्या यादीतून अख्खं घर कटल्याचं मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"कोन्ती कंपनी वो?"

"थेच, मोबाइलवर सामान धाडते थे. पोट्ट्यानं पानमयासाठी फवारनीचा पंप बलावला होता, ब्याटरीवाला. आला तं चार्जच नाई होय. लाल दिवा लागे अन् इझे, लागे अन् इझे. ह्यानं फोटो धाडले, व्हिडिओ धाडला. तिकून एकच जवाब, 'असुविधेसाठी क्षमस्व.' पंप वापस न्यायले कोनी येईना, अन् पैसे बी देईना."

"मग?"

"मंग काय! पैसे कार्डावरून भरले होते. ब्यांकेत अर्ज टाकला, का बावा हा खर्च मले मान्य नाई. आले पैसे वापस. आमी म्हनलं, झगडा मिटला. आता ठिबकच्या नया बलावाले गेला तं म्हने, तुमचं खातं बंद. कारन नाई, बिरन नाई. मंग म्या माह्या मोबाइलवरून करून पाह्यलं. माहं बी बंद! पत्ता एकच पडते नं. अन् मी तं बाप्पा कधी कोनासंग भांडली नाई."

हे शेवटचं वाक्य मी निमूट ऐकून घेतलं. सार्वजनिक नळावरच्या आठवणी काढायची ती वेळ नव्हती.

तेवढ्यात समोरचे बँकवाले काका फाटक लोटून आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कुठं पैशाचं बोलणं चाललं की त्यांना घरात बसवत नाही.

"काकू, पोट्ट्यानं बेकायदा काई केलं नाई. ह्याले चार्जबॅक म्हनते. आपली ब्यांक कार्डाच्या जायात तक्रार टाकते, मंग कंपनीची ब्यांक कंपनीच्या खात्यातून पैसे ओढून घेते. वरून फी लावते. बहुतेक वेया कंपनी जितली तरी थे फी जातेच. अन् अशा तक्रारी किती येतात, ह्याची मोजदाद व्हिसा, मास्टरकार्डवाले ठेवतात. लय झाल्या तं त्या दुकानाले कार्ड घेनंच मुश्किल. अमेरिकेत 1974 साली गिऱ्हाइकाले असा हक्क देनारा कायदा झाला. दुकानदार ह्याले भेते, म्हनून असं खातंच बंद करते."

"भेते तं पंप चांगला धाडावा नं!"

बँकवाल्या काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

खरं सांगायचं तर कंपनीचंही थोडं ऐकावं लागेल. सामान ठेवून घ्यायचं आणि पैसेही परत ओढायचे, असले महाभाग आहेतच. आपल्या तालुक्यात नसतील असं कोण म्हणेल? पण बिघडलेला पंप कोणाचा आणि लबाडी कोणाची, हे पाहायला तिकडं माणूस तर बसलेला पाहिजे. बाजारातल्या दुकानदाराशी आपण आज तावातावानं भांडतो, तरी उद्या त्याच्याच पायरीवर उभे राहतो. त्यालाही गिऱ्हाईक पाहिजे, आपल्यालाही नळी पाहिजे. अहो, दौलतराव शिंद्यांची फौज आडगावच्या मैदानात हरली, पंधरवड्यात गाविलगडही पडला, तरी 30 डिसेंबर 1803 ला याच सुर्जी अंजनगावात इंग्रजांबरोबर तह झाला. तोफा डागलेले लोक एका कागदावर सही करतात आणि ही कंपनी एका पंपापायी बोलायला तयार नाही!

काकूंना शिंद्यांशी घेणं नव्हतं. "थ्या अॅपच्या पाकिटात माहे साडेतीनशे रुपये पडून हायेत, थे बी गेले का?"

"थे कसे जातीन? नवा माल इकाचा नाई, असं म्हनून थे एकवेय हात झटकतीन. पन तुमची रक्कम दाबून ठेवाचा त्याह्यले काय हक? अन् 2020 चे ई-कॉमर्सचे नियम हायेत. सारख्याच गिऱ्हाइकाह्यमधी मनमानी भेद कराचा नाई, असं त्यात साफ लिहेल हाय. तक्रार अधिकारी नेमावा लागते. त्यानं 48 तासांत पोच द्याची अन् महिन्यात निकाल लावाचा. पयले त्याले लिहा."

"अन् नाई आयकलं तं? रिझर्व्ह ब्यांकेच्या लोकपालाकडे जावं का?"

"थो ब्यांकेच्या तक्रारीसाठी. आपल्या ब्यांकेनं तं काम केलं. कंपनीसाठी सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनले, 1915 नंबरावर, फोन लावा. त्याच्यावर बी नाई भागलं तं अमरावतीले जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बंगलोरची असो का दिल्लीची, 2019 च्या कायद्यानं आपन राहतो तथी केस टाकता येते. मालाची किंमत पाच लाखांच्या आत असन तं फी बी नाई लागत."

आतापर्यंत दारात उभा राहून ऐकणारा मुलगा मोबाइल घेऊन पुढं आला. "मी लिहितो तक्रार. पंपाची सगळी हकिकत टाकतो."

"पंपाचे तं पैसे भेटले तुले," काका म्हणाले. "आता तुही तक्रार लंगडी हाय. कंपनी म्हनन, ह्यानं आमच्यासंग वाद घातला. पन तुह्या मायनं काय केलं? ना पंप घेतला, ना ब्यांकेत अर्ज दिला. पत्त्यापायी तिचं खातं काऊन बंद? ह्याचं उत्तर देता देता त्याह्यची जीभ अडखयन."

हे ऐकताच काकूंचा चेहराच पालटला. इतका वेळ पोराच्या भांडणात आपलं नाव विनाकारण गोवलं गेलं म्हणून त्या कष्टी होत्या. आता मुख्य फिर्यादी त्याच होत्या. पदर खोचून त्यांनी मोबाइल मुलाच्या हातातून घेतला.

"मराठीत बोलता येते का थ्या नंबरावर?"

"येते नं."

"मंग लाव. मी बोलतो. तू मधात बोलू नको."

बटणं दाबायचे सगळे सोपस्कार मुलानं केले. पलीकडून एका बाईंचा आवाज आला. मुलानं बिल पुढं धरलं, बँकवाल्या काकांनी बोटानं तारीख दाखवली. काकूंनी दोघांनाही हातानं बाजूला सारलं आणि आधी विचारलं, "तुमी कोन्या गावच्या वो बाई?"