भाऊंचं खानदानी पित्त

आपल्याला पित्त होतं. आमच्या सोसायटीतल्या भाऊंना ते 'आहे'. वडिलांना होतं, आजोबांना होतं, असं ते अभिमानाने सांगतात, मध्येच ढेकर देतात आणि तो आंबट होता की करपट, याचा खुलासा कोणी विचारायच्या आत करतात.

सदऱ्याच्या खिशात पेन नसेल, पण पँटोप्राझोलची स्ट्रिप असतेच. पंगतीत जिलेबी आली की एक गोळी शेजाऱ्याच्या पानाशी ठेवायची, एक आपण घ्यायची आणि मठ्ठ्याकडे वळायचं. मिसळीच्या दुकानात "तर्री वाढव रे, गोळी घेतलीय," हे ते विमा उतरवलेल्या माणसाच्या निश्चिंतीने म्हणतात. ही गोळी जेवणाआधी अर्धा तास, उपाशीपोटी घ्यायची असते. जेवताना जठरातले आम्ल सोडणारे पंप चालू होतात, तोवर ती रक्तात पोचलेली हवी. हे मी त्यांना समजावून सांगितलं. "बरं झालं बोललात. म्हणजे आधीचीही एक घ्यायला हवी!"

पुढे हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी बी-12 तपासायला लावलं, ते तळाला गेलेलं. अन्नातलं बी-12 सुटं व्हायला आम्ल लागतं, आणि भाऊंनी तर वर्षानुवर्षं, कोणालाही न विचारता, आम्लाचा गळा दाबलेला. त्यात घर शाकाहारी. मॅग्नेशियम आणि हाडं यांच्याबद्दलही डॉक्टर बोलले, पण 'हाडं' ऐकताच भाऊ उठले आणि त्याच दिवशी गोळी कायमची बंद केल्याचं त्यांनी जाहीर केलं. नाट्यमय निर्णय घेण्यात त्यांचा हात कोण धरणार?

चार दिवसांत छातीत वणवा पेटला. एकदम थांबवलं की दाबून ठेवलेलं आम्ल दुप्पट जोराने उसळतं. म्हणून जुन्या गिऱ्हाईकाला डॉक्टर गोळी हळूहळू कमी करायला सांगतात. बरोबर आणखी दोन अटी: रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, आणि पलंगाची उशाकडची बाजू उंच.

जेवणाची अट भाऊंच्या कानावरून गेली. विटा मात्र त्याच संध्याकाळी आल्या. पलंग उतरता झाला. भाऊ जड, ते जागच्या जागी राहिले. काकू रात्रभर पायथ्याकडे घसरत होत्या. "अहो, पित्त तुमचं आणि गडगडते मी!" म्हणत तिसऱ्या रात्री त्यांनी आपली गादी हॉलमध्ये टाकली, नेमकी फ्रिजच्या दारात. मध्यरात्रीची बासुंदी आणि उरलेली भजी त्या दिवसापासून बंद.

जळजळ आता निम्म्यावर आली आहे. भाऊ येईल त्याला विटा दाखवतात.